नोंदणी नसलेली संस्था : यावल परिसरातील गावकीच्या अंत्यविधीचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की स्थापनेची तारीख, संस्थापकांची नावे, पहिल्या कार्यकारिणीचे छायाचित्र आणि सभासदसंख्येचा तक्ता या गोष्टी आधी जमवाव्या लागतात. यावल तालुक्यात हे सारे जपून ठेवलेल्या संस्था पुष्कळ आहेत. फैजपूरचे धनाजी नाना महाविद्यालय १९६१ पासून उभे आहे, विकास सोसायट्या आहेत, वाचनालये आहेत, पाडळसे येथे कुटुंबनायकांच्या अध्यक्षतेखाली चालत आलेली भोरगाव लेवा पंचायत आहे. या सर्वांहून जुनी असलेली एक संस्था मात्र कुठल्याच दप्तरात सापडत नाही. तिला कार्यालय नाही, शिक्का नाही, पावतीपुस्तक नाही. तरी गावात कुणी गेले की तासाभरात तिची माणसे गोळा होतात, कामे वाटली जातात, साहित्य येते आणि संध्याकाळपर्यंत सारे पार पडते. आपल्या गावचे मयत गावानेच उचलायचे, ही ती व्यवस्था. या लेखात तिच्याकडे रूढी म्हणून न पाहता संस्था म्हणून पाहिले आहे, कारण तिला नियम आहेत, जबाबदाऱ्या आहेत, देणे-घेणे आहे आणि चुकाही आहेत. लेखाचे म्हणणे एवढेच आहे की अंत्यविधी ही एका घराची खासगी बाब नसून गावाची सामाईक जबाबदारी आहे. ती जबाबदारी जिथे सर्वांनी सर्वांसाठी उचलली तिथे ही संस्था मोठी ठरली, आणि जिथे ती जातीने वाटून टाकली तिथे ती अपुरी राहिली.

हिचे काम जवळून पाहिले तर संस्था हा शब्द किती चपखल आहे ते कळते. पहिले काम खबर देण्याचे. पूर्वी सांगावा घेऊन माणूस परगावी जाई. आता रिक्षावरच्या भोंग्यातून आणि मोबाइलवरच्या गटांतून ‘अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल’ हा मजकूर वेळेसह फिरतो. दुसरीकडे दोघे-तिघे साहित्याला निघतात : दोन लांब बांबू, आडव्या बांधायला कामट्या, सुतळी, मडके, नवे कापड, अबीर-गुलाल, फुलांचे हार. अंगणात तिरडी बांधणारे हात ठरलेले असतात. सुतळीचा पीळ कुठे घट्ट हवा आणि कडबा किती अंथरायचा हे त्यांना सांगावे लागत नाही. तिसरी तुकडी स्मशानात पुढे जाते. एका दहनाला साधारण तीनशे ते चारशे किलो लाकूड लागते आणि ते नुसते रचून भागत नाही. तळाला जाड ओंडके, त्यांत हवा खेळेल अशी फट, मध्ये गोवऱ्या, छाती आणि कमरेवर वजनदार लाकूड, कडेने तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या. पावसाळ्यात लाकूड ओले असले की हीच रचना आणखी काळजीने करावी लागते. सरण रचणाऱ्या जाणत्या माणसाचा हात चुकला तर घरच्यांना पाहवणार नाही असे दृश्य समोर येते, म्हणून गावात या माणसाचा शब्द त्या दिवशी अखेरचा असतो. घरी शेजारणी चूल सांभाळतात, कारण मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. कडू घासाची पिठलं-भाकरी शेजारून येते. सुतकाच्या दिवसांत केळीचे पाणी आणि गुरांचा चारा भाऊबंद पाहतात. पुढे द्वारदर्शनाला येणाऱ्यांची उठबस, गंधमुक्ती आणि उत्तरकार्याची तयारी हेही असेच वाटून होते. एवढी कामे, एवढी माणसे आणि एवढा कमी वेळ, आणि हे सारे कुणाला पगार न देता होते. तरीही आपण याला नुसती चालरीत म्हणून सोडून देतो.

या संस्थेचा मूळ नियम असा : खांद्याचे देणे ज्याने दिले त्यालाच फेडायचे नसते, ते गावाला फेडायचे असते. ज्याच्या मातीला आपण गेलो तो आपल्या मातीला येऊ शकत नाही, म्हणून इथला हिशेब दोन माणसांत कधीच पुरा होत नाही. तो पिढ्यांमध्ये आणि घराघरांमध्ये फिरत राहतो. त्यामुळेच वर्षभर बांधाच्या वादात असलेला माणूसही त्या दिवशी दारात येऊन उभा राहतो आणि आला नाही तर गाव ते विसरत नाही. हा नियम एका धर्माचा नाही. यावल तालुक्यातील तडवी समाजात आणि गावोगावच्या मुस्लिम जमातीत मय्यतीला आंघोळ घालणे, कफन देणे, जनाजाची नमाज पढणे आणि दफन करणे हे फर्ज-ए-किफाया मानले जाते. काहींनी ते केले तर सर्वांची सुटका होते आणि कुणीच केले नाही तर दोष साऱ्या वस्तीवर येतो. सामाईक जबाबदारीची याहून नेमकी व्याख्या कायद्याच्या पुस्तकातही क्वचितच सापडेल. जगभर पाहिले तरी हेच दिसते. इटलीतील लानुव्हियम येथे इ. स. १३६ चा एक शिलालेख सापडला आहे. त्यात एका मंडळाची प्रवेश फी, मासिक वर्गणी आणि सभासद मेल्यावर त्याच्या अंत्यविधीची तरतूद कोरलेली आहे, आणि त्या मंडळात गुलामांनाही जागा होती. इथिओपियात इद्दिर नावाची मंडळे आजही गल्लोगल्ली आहेत. सभासद दरमहा वर्गणी भरतात आणि कुणाकडे मृत्यू झाला की तंबू, भांडी, रोख मदत आणि माणसे पोचतात. एड्सच्या साथीत यांतल्या अनेक मंडळांनी आजाऱ्यांच्या शुश्रूषेचे कामही अंगावर घेतले. मृतांसाठी जमलेली माणसे जिवंतांसाठी उभी राहू शकतात, हे त्या देशाने दाखवले.

आपल्याकडचा इतिहास मात्र केवळ गौरवाने सांगता येणार नाही. बलुतेदारीच्या काळात या संस्थेतली हलकी मानलेली कामे सक्तीची होती. कुंभाराचे मडके आणि न्हाव्याचे क्षौर बलुत्यात धरलेले असे. महार वतनदारांच्या वाट्याला परगावी मौतीची खबर पोचवणे, सरणाची लाकडे वाहणे अशी कामे येत आणि मोबदला म्हणून अनेक भागांत प्रेतावरचे कापड दिले जाई. ज्याच्या पायपिटीवर आणि ज्याने वाहिलेल्या लाकडावर गावाचा अंत्यविधी उभा होता, त्याच्या घरच्या मयताला खांदा द्यायला तेच गाव येत नव्हते. संस्थेच्या हिशेबात ही बाजू नावे लिहिल्याशिवाय ताळेबंद खरा ठरणार नाही. वतनाच्या या गुलामगिरीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. मार्च १९२७ मधील महाडच्या परिषदेपासूनच मेलेली गुरे ओढण्यासारखी कामे सोडून देण्याचे आवाहन घुमू लागले होते. कनिष्ठ गाव वतने कायद्याने संपली ती १ ऑगस्ट १९५९ रोजी. म्हणजे आपण जिला पिढ्यानपिढ्यांची परस्परमदत म्हणतो, तिचा एक मोठा भाग त्या तारखेपर्यंत वेठ होता. स्वेच्छेने दिलेला खांदा आणि वतनापायी वाहिलेले लाकूड ही दोन वेगळी कामे आहेत, आणि यांतल्या पहिल्याचाच अभिमान आपण बाळगू शकतो.

या व्यवस्थेला आतून धक्का देणारी माणसे महाराष्ट्रात वेळोवेळी झाली आणि तिच्या सुधारणेचा इतिहास त्यांच्यापासून सुरू होतो. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली. लग्नाप्रमाणेच मृत्यूनंतरचे विधीही भटजीशिवाय, आपल्याच माणसांनी करावेत हा विचार त्या चळवळीने मांडला. महात्मा फुले यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात अंत्यविधीचाही विचार आहे. नोव्हेंबर १८९० मध्ये खुद्द जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून दत्तक पुत्राच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे त्यांनी स्वतः धरले. भाऊबंदांचा हक्क मोठा की नात्याचा जिव्हाळा मोठा, या प्रश्नाला दिलेले ते जाहीर उत्तर होते. आपल्या तालुक्याचाही या इतिहासात वाटा आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. तिथली सफाईची कामे अप्पासाहेब पटवर्धनांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांनी केली. समाजाने एका जातीच्या माथी मारलेले काम कुणीही, मानाने आणि नीटनेटके करू शकतो, हे त्या दिवसांत या मातीने पाहिले. अंत्यविधीच्या कामांनाही तोच नियम लागू आहे. तिरडी बांधणे, सरण रचणे, राख सावडल्यावर ओटा धुऊन काढणे ही कामे जन्माने कुणाचीच नाहीत.

स्वातंत्र्यानंतर या नोंदणी नसलेल्या संस्थेला कायद्याची जोड मिळाली. दफन व दहनभूमी हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांकडे आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तो बाराव्या अनुसूचीतून नगरपालिकांच्या कार्यकक्षेतही आला. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ नुसार मृतांच्या विल्हेवाटीच्या जागा राखणे हे नगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत दहन-दफनभूमीची व्यवस्था आहे आणि बेवारस प्रेतांची विल्हेवाटही आहे. जनसुविधा योजनेतून गावोगाव स्मशानात निवारा शेड, ओटा, पोचरस्ता आणि कुंपण झाले. जूनमध्ये तापीपलीकडून पाऊस आला की उघड्यावर सरण विझण्याची जी धास्ती असे, ती यामुळे पुष्कळ कमी झाली. पण ही जोड मिळाली म्हणून गावाची जबाबदारी संपली, असे मानणे चुकीचे ठरेल. पंचायत ओटा बांधू शकते, खांदा देऊ शकत नाही. उलट स्मशानाची जागा टिकली ती बहुतेक ठिकाणी लोक जागे राहिले म्हणून. मुंबईतील सोनापूरची स्मशानभूमी शिवडीला हलवण्याचा सरकारी प्रयत्न झाला, तेव्हा नाना शंकरशेट यांनी विरोध केला आणि ती जागा वाचली. खेड्यातही हाच अनुभव येतो. स्मशानाकडे जाणारा रस्ता कुणाच्या शेतातून जातो, नाल्यावर मोरी आहे की नाही, सातबाऱ्यावर स्मशानभूमीची नोंद आहे की नाही, या गोष्टी कुणीतरी पाठपुरावा केला तरच सुटतात. ज्या गावात हा पाठपुरावा झाला नाही तिथे पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून तिरडी न्यावी लागते.

यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा घेतला जातो की ज्याला तुम्ही गाव म्हणता ती प्रत्यक्षात जात आहे. जातीजातीच्या स्मशानभूमी वेगळ्या, खांदेकरी आपल्याच भाऊबंदांतले, मग या संस्थेचे कौतुक कशाला? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे आणि ती नाकारून काहीच साधणार नाही. महाराष्ट्रातील अनेक गावांत आजही वेगवेगळ्या समाजांच्या दहनभूमी वेगळ्या आहेत. ज्या समाजांना अशी जागाच मिळाली नाही त्यांना नदीनाल्याच्या काठी किंवा आपल्या शेतात विधी करावे लागले. स्मशानभूमीच्या वापरात अस्पृश्यता पाळणे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा ठरवले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीत अनुसूचित जाती-जमातींना दहन-दफनभूमी वापरण्यास अडथळा आणण्याचा उल्लेख स्वतंत्रपणे आला. सहा दशकांनी पुन्हा तेच लिहावे लागले, यावरून दुखणे किती खोल होते ते समजते. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मात्र मान्य होण्यासारखा नाही. संस्थेचे दार अरुंद असेल तर ते रुंद करायचे असते. संस्थाच मोडून टाकली तर अरुंद दाराबाहेर राहिलेल्यांनाही काही मिळत नाही. शिवाय दाहसंस्कार करणारे, दफन करणारे, समाधी देणारे लिंगायत, भूमीत निक्षेप करणारे महानुभाव असे विधींचे वेगळेपण राहूनही जागेचा रस्ता, पाणी, दिवे, शेड आणि मदतीची माणसे सामाईक असू शकतात. वेगळा विधी हा श्रद्धेचा प्रश्न आहे. वेगळा रस्ता हा अन्यायाचा प्रश्न आहे. या दोहोंची गल्लत गावाने होऊ देऊ नये.

जात पंचायतींनी तर या संस्थेचे शस्त्र करून दाखवले. वाळीत टाकलेल्या घरच्या मयताला खांदा द्यायचा नाही, दुसऱ्यालाही देऊ द्यायचा नाही, हा बहिष्काराचा सर्वांत क्रूर प्रकार. एखाद्या कुटुंबाला माणूस गेल्याचे दुःख करायलाही सवड न देता तिरडीला चार माणसे शोधत फिरायला लावायचे, हा त्यामागचा हेतू. महाराष्ट्राने २०१६ मध्ये संमत केलेला आणि जुलै २०१७ पासून अमलात आलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा या प्रकारांना गुन्हा मानतो. अंत्यविधी करण्याचा हक्क नाकारणे आणि स्मशान-दफनभूमीच्या वापराला अडथळा करणे त्यात येते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावासाची किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंडाची, अथवा दोन्ही आहे. या कायद्याकडे या लेखाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ठळक होते. समाजाने खांदा द्यावा ही केवळ कृपा नाही, तो रोखणे हा अपराध आहे, असे राज्याने म्हटले आहे. मृत माणसालाही सन्मानाचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. २००२ च्या आश्रय अधिकार अभियान प्रकरणात बेघर मृतांच्या त्यांच्या धर्मानुसार होणाऱ्या अंत्यविधीचा प्रश्न न्यायालयापुढे आला होता. म्हणून या संस्थेची खरी कसोटी गावच्या प्रतिष्ठिताच्या अंत्ययात्रेत किती गाड्या होत्या ही नाही. केळीच्या बागेवर कामाला आलेला परप्रांतीय मजूर, बसस्थानकावर राहणारा निराधार म्हातारा, वाळीत टाकलेले घर, यांना गावाचा खांदा मिळतो का, ही आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. मुले पुण्या-मुंबईला, सुरतेला, काही परदेशात. गावात राहिली ती म्हातारी माणसे. मोठ्या शहरांत आता फोन केला की तिरडीपासून दाखल्यापर्यंत सर्व करून देणाऱ्या सेवा पैसे देऊन मिळतात. मग इतरांना वेठीला का धरायचे? काही कामे पैसे देऊन करून घेण्यात गैर काही नाही. स्वर्गरथ, शवपेटी, गॅसदाहिनी यांनी लोकांची खरी सोय झाली आहे. मुलगा दूरवरून येईपर्यंत देह शवपेटीत ठेवता येतो, म्हणून अनेकांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शन घडते. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या जिल्ह्यात ही गोष्ट लहान नाही. पण यंत्राने देह सांभाळता येतो, घर सांभाळता येत नाही. ज्या रात्री घरातली बाई एकटी पडते त्या रात्री तिच्याजवळ बसणारी शेजारीण कोणत्याही दरपत्रकात नसते. शिवाय पैसे देऊन मिळणारी सेवा ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच मिळते. गावकीचा नियम याच्या उलट आहे : ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडे आधी धावायचे. स्थलांतरामुळे तर या संस्थेची गरज वाढली आहे. मुले दूर असलेल्या वृद्धांचा शेवट शेजाऱ्यांच्याच हातून होणार, हे आता अपवादाचे राहिलेले नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि जाचक रूढींचा. समाज गोळा झाला की त्याच्या अपेक्षाही येतात : तेराव्याच्या पंगती, आहेर, मानपान आणि त्यापायी कर्ज. गाडगेबाबांनी आयुष्यभर गावोगाव कीर्तनातून सांगितले ते हेच, की कर्ज काढून जेवणावळी घालू नका. राजस्थानला तर १९६० मध्ये मृत्युभोजावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. याहून वेदनेची गोष्ट विधवेबाबतची. पतीच्या मृत्यूच्या दिवशी चारचौघांत बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे हे प्रकार करायला लावणाराही समाजच असतो. हा आक्षेप शब्दशः खरा आहे. त्याचे उत्तरही एका गावानेच दिले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. मंत्रालयाच्या परिपत्रकाआधी एका गावची सभा पुढे गेली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या समाजाचा दबाव रूढी लादतो, त्याच समाजाचा ठराव ती मोडण्याचे बळ देतो. एकटे घर रूढी मोडायला धजत नाही, कारण त्याला बोल लागण्याची भीती असते. गावच पाठीशी उभे राहिले की ती भीती उरत नाही. खानदेशातही बदल दिसतो आहे. मुलीने किंवा सुनेने अग्निडाग दिल्याच्या बातम्या जिल्ह्यातील वृत्तपत्रांत येतात आणि आता त्यांना विरोधापेक्षा कौतुकच अधिक वाट्याला येते. रक्षा नदीत न सोडता शेतात झाड लावून त्याच्या मुळाशी घालणारी घरे आहेत. नेत्रदान, देहदान करणारे आहेत. हे बदल समाजाशी भांडून एकट्याने केलेले कमी, समाजाला सोबत घेऊन केलेले अधिक आहेत.

चौथा आक्षेप आरोग्याचा आणि तो २०२० मध्ये सर्वांच्याच दारात आला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली, खांदेकऱ्यांनाही खांदा द्यायला माणूस उरला नाही अशी ती वेळ होती. शंभर वर्षांनी करोनाच्या पहिल्या महिन्यांत जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर देशाच्या सरासरीच्या कितीतरी वर होता. त्या काळात मयताला जाऊ नये हेच शहाणपण ठरले आणि अनेक घरांनी आपली माणसे न पाहताच निरोप दिला. संसर्ग टाळणे आवश्यकच होते. पण केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचना नीट वाचल्या तर त्यांत सगळेच नाकारलेले नव्हते. देहाला आंघोळ घालणे, मिठी मारणे मना होते. ठरावीक काळजी घेऊन चेहरा पाहणे, स्पर्श न करता करण्याचे विधी आणि रक्षा गोळा करणे याला परवानगी होती, कारण राखेतून धोका नाही असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. भीतीने मात्र सूचनांच्या पुढे मजल मारली. अशा वेळी अकोल्यात कच्छी मेमन जमातच्या कार्यकर्त्यांनी, घरचे येऊ न शकलेल्या किंवा न आलेल्या हिंदू मृतांवर त्यांच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार केले. मुंबई-पुण्यातही मुस्लिम तरुणांच्या गटांनी हे काम केले. संरक्षक पोशाख घालून, नियम पाळून, अनोळखी माणसाच्या चितेला अग्नी देणारे ते हात या संस्थेचे सर्वांत मोठे रूप आहे. आरोग्याची काळजी आणि मृताचा मान या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी सिद्ध केले. त्यांना हे काम करता आले याचे कारणही सरळ आहे. जमातीत मय्यतीचे काम करण्याची सवय आधीपासून होती, माणसे ठरलेली होती, साहित्य कुठे मिळते ते माहीत होते. संकटाच्या दिवशी नवी संस्था उभी राहत नाही, जुनीच कामाला येते.

या सगळ्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. आपल्या मृतांची काळजी आपण घेणे ही जुन्या काळाची उरलेली सवय नसून गाव म्हणून एकत्र राहण्याची अट आहे. सहकारी सोसायटीत कर्जदार आणि ठेवीदार यांचा हिशेब मांडता येतो. इथे तो मांडता येत नाही आणि तरीही तो चुकत नाही, इतका या संस्थेवर लोकांचा विश्वास आहे. पण विश्वासावर चालणाऱ्या संस्थेलाही वेळोवेळी आपली घटना तपासावी लागते. जातीची कुंपणे, विधवेची विटंबना, पंगतींचा बडेजाव या गोष्टी वगळल्या तर जे उरते ते टाकण्यासारखे नाही. ते पुढच्या पिढीच्या हाती नीट सोपवण्यासारखे आहे. सरण रचणारे जाणते हात आता थोडे राहिले आहेत आणि त्यांच्याकडून शिकणारे तर त्याहून थोडे. ही विद्या एका पिढीत हरवू शकते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने यावल तालुक्यातील प्रत्येक ग्रामसभेला आणि नगरपालिकेला आवाहन आहे. पुढच्या सभेत स्मशानभूमी आणि कब्रस्तान हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या. जागेची सातबाऱ्यावरची नोंद तपासा. सर्व समाजांच्या दहन-दफनभूमींना सारखा रस्ता, सारखे पाणी, सारखा दिवा द्या, आणि शक्य तिथे एकच दहनभूमी सर्वांसाठी खुली असल्याचा ठराव करा. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला नसेल तर तो करा. तिरडी बांधायला, सरण रचायला, २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करून द्यायला पुढे येणाऱ्या स्त्री-पुरुषांची एक यादी सर्व वस्त्यांमधून तयार करा आणि ती पंचायतीच्या फलकावर लावा. लाकूड आणि गोवऱ्यांचा थोडा साठा पावसाळ्यापूर्वी भरून ठेवा. गावात ज्याचे कुणी नाही अशा माणसाच्या मयताची जबाबदारी कोणावर, हे नाव घालून त्याच सभेत ठरवा. पिढ्यानपिढ्या नोंदणीविना चाललेल्या या संस्थेची पहिली नोंद ती यादी ठरेल, आणि तिच्यात गावातल्या प्रत्येक वस्तीचे नाव असले पाहिजे.